निर्लेखन न होणारी वस्तू

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या सरांनी आम्हाला भौतिकशास्त्र शिकवलं हे इथं बसलेल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे सर येतात ते हातात खडू घेतलेले नव्हेत. उन्हाळ्याची सुट्टी, प्रयोगशाळेतलं लाकडी स्टूल आणि मांडीवर डेडस्टॉक रजिस्टर, असे ते दिसतात. अकरावीतल्या दोघातिघांना हाताशी धरून ते दर मे महिन्यात प्रत्येक वस्तू मोजत. मी नावं वाचायची आणि बाकीच्यांनी वस्तू शोधायची. ‘टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर तीन, पैकी एक नादुरुस्त.’ सर विचारायचे, नादुरुस्त कुठं आहे? कपाटात आहे सर. मग म्हणायचे, दाखव. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी बरोबरची खूण केली नाही. आम्हाला तो छळ वाटायचा. चालू असलेली वस्तू मोजणं समजू शकतं, पण मोडकी कशाला मोजायची? सर म्हणत, ‘चालू वस्तूची काळजी वापरणारा घेतो. मोडकीला वहीशिवाय कोण आहे?’

पुढं तीस-बत्तीस वर्षं मी कर्करोगाच्या रुग्णालयांतून वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून काम केलं. किरणोपचाराचा डोस काढायचा, यंत्र तपासायचं, अंगावर पडलेले किरण मोजणारा बॅज छातीला लावून फिरायचं आणि किरणोत्सर्गी सोर्सचा हिशेब ठेवायचा, हे माझं काम. म्हणजे पगार घेऊन मी सरांचंच रजिस्टर पुढं चालवलं. म्हणून आयोजकांनी ‘शांततामय अणुतंत्रज्ञान आणि भारत’ असा भला मोठा विषय दिला तेव्हा मी त्यांना सांगितलं, की मी अणुभट्टीची माणूस नाही, मी वहीची माणूस आहे. ते म्हणाले, मग वहीचं बोला.

‘शांततामय, सुरक्षित अणुतंत्रज्ञानाच्या पाठीशी आमचा देश खंबीरपणे उभा आहे’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षं ऐकतो. आंतरराष्ट्रीय परिषदेत बहुतेक प्रत्येक देश ते म्हणतो. आपल्याला तर ते म्हणण्याचा जुना मान आहे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी होमी भाभा होते. त्यानंतर वर्षभरात, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. १९६९ मध्ये तारापूरची वीज आली. मधल्या सगळ्या गोष्टी तुम्हाला पाठ आहेत, आणि १९७४ सालच्या पोखरणच्या स्फोटालाही आपण ‘शांततामय’ म्हटलं हेही तुम्हाला ठाऊक आहे. त्या शब्दाचे आपण किती अर्थ केले यावर वेगळं व्याख्यान होईल. मला आज त्याच वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे जायचं आहे. तो शब्द म्हणजे सुरक्षित.

इंग्रजीत ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन शब्द आहेत. मराठीत आपण दोन्हींना सुरक्षाच म्हणतो आणि मग घोळ होतो. माझ्या धंद्यात मी विद्यार्थ्यांना सोपं करून सांगत असे. वस्तूपासून माणसाला जपायचं ही पहिली. माणसापासून वस्तूला जपायचं ही दुसरी. पहिलीसाठी शिसं लागतं, जाड भिंती लागतात, बॅज लागतो. दुसरीसाठी कुलूप लागतं, पहारा लागतो. आणि दोन्हींसाठी वही लागते, कारण जी वस्तू आपल्याकडे आहे हेच आपण विसरलो, तिच्यापासून कुणाला जपणार, आणि तिला तरी कुणापासून जपणार?

एकच वस्तू घेते, कोबाल्ट-६०. तुमच्यापैकी निम्म्यांचा तरी तिच्याशी संबंध आलेला असेल, न कळत.

साधं कोबाल्ट हा एक चकाकता धातू. त्याच्या कांड्या अणुभट्टीत ठेवल्या की त्यातले अणू एकेक न्यूट्रॉन गिळतात आणि कोबाल्ट-५९ चं कोबाल्ट-६० होतं. आपल्याकडे हे काम मुख्यतः राजस्थानात रावतभाट्यासारख्या वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांतून होतं. म्हणजे जी भट्टी तुमचा दिवा लावते, तिच्याच पोटात हे तयार होत असतं. बाहेर काढलेलं कोबाल्ट पोलादी वेष्टनात बंद करतात आणि शिशाच्या जाडजूड फ्लास्कमधून ट्रकने रवाना करतात. ५.२७ वर्षांत त्याची ताकद निम्मी होते, पुढच्या ५.२७ वर्षांत उरलेल्याची निम्मी. शेवटी त्याचं निकेल होतं, अगदी निरुपद्रवी. पण तो शेवट तुमच्या-माझ्या सोयीनं येत नाही.

हे कोबाल्ट कुठं जातं? तुर्भ्याच्या ‘आयसोमेड’मध्ये १९७४ पासून सिरिंजा, सुया, टाके घालायचा दोरा, प्रसूतीचे संच त्याच्या गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात, आणि तेही खोक्यात सीलबंद असतानाच. वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या संस्थेच्या केंद्रात मसाल्यांवर हे किरण सोडतात. तुमच्या स्वयंपाकघरातल्या हळदीच्या एखाद्या पाकिटानं ही वारी केलेली असू शकते. कर्करोगाच्या रुग्णालयात तर कोबाल्टनं आमच्या दोन पिढ्या काढल्या. सोर्स एवढासा, दोन बोटांच्या चिमटीत मावेल असा. त्याच्याभोवतीचं यंत्र मात्र खोलीभर. पुढं भाभा अणुसंशोधन केंद्रानं ‘भाभाट्रॉन’ हे देशी यंत्र बनवलं. पहिलं बसलं नवी मुंबईत खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये. नंतर एक आपण व्हिएतनामला भेट दिलं. अणुतंत्रज्ञानाच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हे यंत्र दाखवीन. वीज गेली-आली, व्होल्टेज वरखाली झालं तरी फारशी कुरकुर न करणारं, जिल्ह्याच्या गावात चालणारं यंत्र.

आणि मग लासलगाव. तुमच्या या कांद्याच्या मुलखात ते सोडून चालणार नाही, नाहीतर तुम्ही मला परत जाऊ देणार नाही.

२००२ साली लासलगावला ‘कृषक’ सुरू झालं. नावातच हेतू आहे, कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ शेजारी, तेव्हा ते उभारलं कांद्यासाठी. काढणीनंतर कांदा झोपलेला असतो त्या दिवसांत त्याला साठ ते नव्वद ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) एवढा डोस दिला की कोंब फुटत नाही. शास्त्र चोख आहे. पण चाळीतला कांदा फक्त कोंबानं जात नाही हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नव्हे. तो सडतो, सुकतो, वजनात घटतो. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. त्यासाठी शीतगृह हवं, आणि शीतगृहाचं बिल कांद्याच्या भावाला झेपलं पाहिजे. त्यामुळं कांद्यासाठी बांधलेल्या केंद्राचं नाव काढलं ते आंब्यानं. अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार उघडलं ते कोयीतल्या भुंग्यासकट किडींचा बंदोबस्त किरणांनी करण्याच्या अटीवर, किमान ४०० ग्रे. २००७ मध्ये पहिला हापूस लासलगावहून किरण खाऊन अमेरिकेला गेला. रत्नागिरीचा आंबा अमेरिकेला जायला आधी घाट चढून नाशिक जिल्ह्यात आला, याची गंमत मला अजून वाटते.

‘मॅडम, तो आंबा किरणोत्सर्गी होत नाही का?’ हा प्रश्न मला प्रत्येक सभेत येतो. नाही होत. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट. किडीच्या पेशी मोडायला ती पुरते, आंब्यातल्या अणूंची केंद्रकं बदलायला पुरत नाही. उन्हात वाळवलेली कुरडई रात्री चमकत नाही, तसंच आहे हे. आंबा सोर्ससमोरून निघून गेला की संपलं. भीती आंब्याची नाहीच. भीती त्या सोर्सची आहे. आकडे शेजारी ठेवून पाहा. कांद्याचा कोंब थोपवायला साठ ग्रे लागतात आणि माणूस मारायला सगळ्या अंगावर चार-पाच ग्रे पुरतात. म्हणून अशा बऱ्याच केंद्रांत काम संपलं की सोर्स खोल पाण्याच्या हौदात उतरवतात, आणि तो वर असताना दार उघडूच नये अशी कळ बसवतात. १९८९ साली एल साल्वाडोरमध्ये अशाच एका केंद्रात सोर्स अडकला, कळ चकवून तिघं आत गेले, आणि त्यातला एक जगला नाही. यंत्र बिघडलं होतं हे खरं, पण बिघडलेलं यंत्र चालवायची सवय त्याआधीच लागलेली होती.

आता एप्रिल २०१० कडे येते.

त्या महिन्यात वॉशिंग्टनला अणुसुरक्षेवर शिखर परिषद भरली होती. १२ आणि १३ एप्रिल. पंतप्रधान मनमोहन सिंग तिथं होते. अणुऊर्जा भागीदारीचं एक जागतिक केंद्र भारत उभारील, तिथं सुरक्षेचं शिक्षण आणि संशोधन होईल, अशी घोषणा त्यांनी तिथं केली. ते केंद्र पुढं हरयाणात बहादुरगडजवळ आलं. चांगली घोषणा होती, मनापासून केलेली होती.

त्याच दिवसांत दिल्लीत, मायापुरीच्या भंगारबाजारात, एक दुकानदार रुग्णालयात पडून होता. कातडी काळी पडत होती. डॉक्टरांना किरणोत्सर्गाचा संशय आला आणि त्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं. मीटर घेऊन माणसं बाजारात गेली तर एकेका ढिगातून काटा उसळू लागला. भंगारात कोबाल्ट-६० होतं. तुकडे झालेलं, वेगवेगळ्या दुकानांत विखुरलेलं. एकानं तर एक तुकडा पाकिटात ठेवून खिशात घातला होता. आठ जणांना बाधा झाली आणि एक कामगार महिनाअखेर मरण पावला.

हे आलं कुठून? आधी सगळ्यांची बोटं परदेशातून येणाऱ्या भंगाराकडे होती. शोध लागेपर्यंत महिना सरत आला. ते आलं होतं दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून. १९६८ मध्ये कॅनडाहून आणलेला गॅमा सेल, म्हणजे प्रयोगांसाठी नमुन्यांवर गॅमा किरण सोडणारं यंत्र. १९८५ पासून तो वापरात नव्हता. फेब्रुवारी २०१० मध्ये जुन्या सामानाबरोबर लिलावात तो गेला. लिलावात विकणाऱ्याला तो दिसला जागा अडवणारं मोडकं यंत्र म्हणून. घेणाऱ्याला दिसलं काही टन शिसं, आणि शिशाला किलोवर भाव आहे.

सरांचा शब्द वापरायचा तर त्या यंत्राचं निर्लेखन झालं. सरकारी नोकरी केलेल्यांना हा शब्द कळेल. वस्तू निकामी झाली की समिती बसते, निर्लेखनाचा ठराव होतो, डेडस्टॉकमधून नोंद कमी होते, लिलाव होतो, रक्कम कोषागारात भरली जाते, पावती फाईलला लागते. खुर्ची, टेबल, पंखा, टंकलेखन यंत्र, साऱ्यांना हीच वाट. पद्धतीत काही चूक नाही. चूक एवढीच, की त्या यादीत एक अशी वस्तू होती जिचं निर्लेखन होऊच शकत नाही.

घरी बसून मी गणित मांडलं होतं. १९६८ ते २०१०, बेचाळीस वर्षं. भागिले ५.२७, म्हणजे जवळजवळ आठ अर्धायुष्यं. दोनाचा आठवा घात २५६. मूळ ताकदीचा फक्त अडीचशेवा भाग उरला होता, आणि त्यानं माणूस मारला.

मायापुरीनंतर खूप आरडाओरडा झाला, नियामक मंडळानं विद्यापीठाचा परवाना रोखला, सगळ्या विद्यापीठांना तुमच्याकडे काय काय आहे ते कळवा अशी पत्रं गेली. पण हे पहिल्यांदा घडत होतं असं नाही. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातून सिझियमचा सोर्स भंगारवाल्यांनी उचलला होता. अंधारात निळी चमकणारी पूड पाहून लोकांनी ती घरी नेली, अंगाला चोळली, चार जण गेले, त्यात सहा वर्षांची मुलगी. लाखाच्या वर माणसं स्टेडियममध्ये रांगा लावून तपासून घ्यावी लागली. आणि मायापुरीच्या दोनच वर्षं आधी, २००८ मध्ये, फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं होतं. ते पोलाद भारतातून गेलेलं. कुठल्या तरी ढिगात कुठला तरी विसरलेला सोर्स वितळला असणार. म्हणजे इशारा मिळाला होता, फ्रान्सच्या बाजूनं फिरून आला होता एवढंच.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

एका जिल्ह्याच्या गावी मला तपासणीला बोलावलं होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तेव्हा सिझियमच्या छोट्या नळ्या वापरत, पेन्सिलीच्या टोकाएवढ्या. रजिस्टरमध्ये बारा. तिजोरीत अकरा. सिस्टर म्हणाल्या, मॅडम, पहिल्यापासून अकराच आहेत, मी चार्ज घेतला तेव्हाही अकराच होत्या. त्यांच्या आधीच्या सिस्टरनी बाराच्या चार्जवर सही केली होती. मोजली कुणीच नव्हती. सर्व्हे मीटर घेऊन मी सकाळी नऊला सुरुवात केली. वॉर्डातल्या गाद्या पाहिल्या, धोबीघर पाहिलं, मोरी पाहिली, कचऱ्याचा ढीग पाहिला. संध्याकाळी सहाला ऑपरेशन थिएटरच्या मागच्या साठवणखोलीत, न वापरलेल्या उपकरणांच्या ट्रेमध्ये मीटर टकटकायला लागलं. एका जुन्या अ‍ॅप्लिकेटरमध्ये नळी तशीच राहिली होती. त्या खोलीत वॉर्डबॉय दुपारी डबा खायचे.

सुदैवानं कुणाला काही झालेलं नव्हतं. तिथले मुख्य डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, ‘मिळाली ना मॅडम? मग कशाला रिपोर्ट? आमचं युनिट बंद पडेल. इथल्या बायका मुंबईला जाणार आहेत का?’ आणि हा प्रश्न खोटा नव्हता. मी तीन दिवस तो अहवाल बॅगेत घेऊन फिरले. मग पाठवला. युनिट दोन महिने बंद राहिलं. त्या दोन महिन्यांत किती बायकांचे उपचार रखडले याचा हिशेब माझ्याकडे नाही, आणि मी तो विचारायचं धाडसही केलं नाही. मी बरोबर केलं असं मला आजही वाटतं. पण माझ्या वहीतला तो रकाना कोराच आहे.

हे मी अशासाठी सांगते की सुरक्षेच्या बाबतीत आपल्याला शत्रू नेहमी बाहेरचा वाटतो. दहशतवादी येईल, पाणबुडीतून येईल. त्याचाही विचार हवाच. पण मला माझ्या कारकिर्दीत कुठं दहशतवादी भेटला नाही. मला भेटले चार्ज देणारे आणि चार्ज घेणारे. २००९ मध्ये कर्नाटकात कैगाच्या अणुवीज केंद्रात कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं आणि कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ते उघड झालं. तपासणी रोजच्या शिस्तीची होती, म्हणून सापडलं. त्याउलट १९९३ च्या ३१ मार्चला नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, सगळी वीज गेली, नियंत्रण कक्षात धूर भरला. तेव्हा माणसं बॅटऱ्या घेऊन इमारतीवर चढली आणि हातानं झडपा उघडून भट्टीत बोरॉन सोडलं. बाहेर किरणोत्सर्ग गेला नाही. त्यांच्या धैर्यापुढं मी हात जोडते. पण मुख्य केबल आणि पर्यायी केबल एकाच वाटेनं का नेल्या होत्या हा प्रश्न त्या रात्रीच्या आधी कुणी नेटानं विचारला असता तर ते धैर्य दाखवायची वेळच आली नसती.

असा प्रश्न विचारणारा कोण असावा? इथं मला जरा कडू बोलावं लागणार आहे. आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. तिथं मी अत्यंत चोख माणसं पाहिली आहेत, माझे कान पिळणारी. पण मंडळ उत्तरदायी होतं अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचे अध्यक्ष तेच जे अणुऊर्जा विभागाचे सचिव. म्हणजे चालवणारा आणि तपासणारा एकाच घरात राहणारे, जेवायला एकाच पंगतीला. २०११ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक आलं आणि लोकसभेबरोबर विसर्जित झालं. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी या दुबळेपणावर बोट ठेवलं. त्या अहवालात आणखी एक आकडा होता, जो मी तेव्हापासून विसरलेले नाही. देशात वैद्यकीय क्ष-किरण यंत्रं असलेली ५७,४४३ ठिकाणं. त्यातली मंडळाकडे नोंदलेली ५,२७०. बाकी ९१ टक्के नोंदीबाहेर. क्ष-किरण यंत्र बंद केलं की किरण बंद, ते कोबाल्टसारखं नाही, हे मान्य. पण जो देश चौकातलं एक्स-रेचं दुकान वहीत धरू शकत नव्हता त्यानं जगाला सुरक्षेचे वर्ग घ्यायला निघावं, याचा मला जितका अभिमान वाटतो तितकाच संकोचही. त्यानंतर परवान्यांचं काम ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीवर आलं, नोंदणी पुष्कळ वाढली, परदेशातून सोर्स आणायचा तर तो परत कुठं जाणार हे आधी लिहून द्यावं लागतं. हे सगळं झालं आणि ते चांगलं झालं. उशिरा झालं.

एक मुद्दा तरुण डॉक्टर माझ्यापुढं नेहमी मांडतात. कोबाल्ट हवंच कशाला? लिनॅक घ्या, म्हणजे विजेवर किरण तयार करणारं यंत्र, बटण बंद केलं की किरण बंद, चोरीला जाण्यासारखं आत काही नाही. खरं आहे. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेनं तर देशी लिनॅक बनवून सेवाग्रामच्या रुग्णालयात बसवला. मोठ्या शहरांत कोबाल्टचे दिवस भरत आले आहेत. मात्र लिनॅकला स्थिर वीज हवी, गार पाणी हवं, आणि बिघडला तर दुरुस्तीला येणारा माणूस हवा. तो माणूस तालुक्याला आठवडा-आठवडा येत नाही, आणि गाठ आठवडाभर थांबत नाही. श्रीमंत देश जेव्हा सुरक्षेच्या नावानं गरीब देशांना ‘कोबाल्ट टाकून द्या’ म्हणतात तेव्हा मी विचारते, टाकून म्हणजे कुठं? आणि तोवर रोग्यानं काय करायचं? माझं मत असं, की ज्या रुग्णालयाला सोर्सचा हिशेब ठेवता येतो त्याच्याकडे कोबाल्ट खुशाल राहू द्या. ज्याला ठेवता येत नाही त्याला लिनॅकसुद्धा देऊ नका, कारण तिथं डोसचाही हिशेब राहणार नाही.

अणुवीज केंद्रांबद्दल बोला, जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाबद्दल बोला, अशा चिठ्ठ्या समोर आलेल्या दिसतात. मी एवढंच म्हणेन. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. किती मेगावॅट आले हे जसं आपण तोंडपाठ सांगतो, तसं त्या दोन गावांचं पुढं काय झालं हे ज्या दिवशी शाळेतला मुलगा तोंडपाठ सांगेल, त्या दिवशी मी जैतापूरच्या बाजूनं बोलायला उभी राहीन. तोवर तिथल्या, माडबनच्या माणसानं शंका घेतली तर त्याला अडाणी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. वापरलेलं अणुइंधन हजारो वर्षं सांभाळायचं आहे. बेचाळीस वर्षांत एक गॅमा सेल विसरणारे आपण.

सरांचं रजिस्टर मी गेल्या वर्षी पाहिलं. कॉलेजनं जपून ठेवलंय. एका पानावर त्यांच्या अक्षरात नोंद आहे, ‘किरणोत्सर्ग दाखवण्याचा संच, एक, रेडियमयुक्त, शिशाच्या डबीत, कुलपात.’ पुढं दर वर्षीच्या मे महिन्याच्या खुणा. सर निवृत्त झाले त्या वर्षीची खूण आहे. त्यानंतरची नाही. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. मी प्राचार्यांना विचारलं, त्यांनी कपाट उघडलं, डबी तिथंच होती, कुलपासकट, धूळ खात. आम्ही त्याच दिवशी नियामक मंडळाला कळवलं.

तुमच्यात शाळा-कॉलेजांचे संस्थाचालक बसले आहेत, जुन्या दवाखान्यांचे मालक आहेत, साखर कारखान्यांचे आणि कागद गिरण्यांचे माजी अधिकारी आहेत. कागद गिरणीत कागदाची जाडी मोजायला, कारखान्यात टाकीतली पातळी पाहायला असेच छोटे सोर्स बसवलेले असतात. गिरणी बंद पडली तरी सोर्स बंद पडत नाही. तुमच्या संस्थेत एखादी खोली असेल जिची किल्ली कुणाकडे आहे हे नक्की कुणाला सांगता येत नाही. येत्या मे महिन्यात ती उघडा. आत आकाराच्या मानानं फार जड असं काही दिसलं, पिवळ्यावर तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, किंवा २००७ पासून आलेलं ते लाल त्रिकोणातलं, कवटीचं आणि पळणाऱ्या माणसाचं चिन्ह दिसलं, तर हलवू नका, उघडू नका, भंगारवाल्याला बोलावू नका. दार लावा आणि मुंबईत अणुशक्तीनगरला नियामक मंडळाला कळवा. आणि चिन्ह पुसलं गेलं असेल, पाटी गंजली असेल, तर जुनं डेडस्टॉक रजिस्टर काढून बघा. तिथं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल.